पुळणीवरचं ऊन

दाऊद, तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले, आणि म्हणूनच मला हे लिहायला बसावं लागलं.

प्रकाश उभा राहिला. आपल्याच गावचा, इथे मस्कतात वादी कबीरला गॅरेज सांभाळणारा प्रकाश. म्हणाला, "दाऊदभाई दिलदार माणूस होता. सोलरच्या पहिल्या ठरावाला त्यांनी मोडता घातला, हे खरं. पण गावानं ते मनात ठेवलं नाही. आपणही ठेवायला नको." लोकांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाला मोठ्या मनानं माफ केल्याचं समाधान त्या हॉलमध्ये पसरलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि माझ्या शेजारी तुझी नसीम.

बाहेर गाडीजवळ तिनं मला गाठलं. तुझी मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, मराठी बोलताना ती अजूनही प्रत्येक शब्द चाचपून पाहते. "सदाकाका, एक विचारू? अब्बांनी गावाचं काम अडवलं होतं? आय मीन, खरंच?"

मी म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी सांगतो."

पुढच्या शुक्रवारी गावाची शोकसभा होती. गावातली माणसं बर्फघरासमोर जमणार आणि आम्ही मस्कतवाले व्हिडिओवरून त्यात बसणार, असं ठरलं होतं. नसीमला मी ती तारीख दिली, कारण तिथे सगळे असणार होते आणि मला पळायला जागा राहणार नव्हती. तो शुक्रवार आता होऊन गेला. त्या दिवशी जे झालं ते तुला सांगायचं आहे. पण हे नसीमही वाचणार आहे, तेव्हा तुला माहीत असलेलं थोडं तिच्यासाठी पुन्हा सांगतो. तू कंटाळशील. कंटाळ.

खाडी समुद्राला मिळते तिथे आपलं गाव. एका अंगाला तुमचा मोहल्ला, दुसऱ्या अंगाला खारवीवाडी आणि वरच्या उतारावर आमची घरं. मधे वाळूची पुळण. गावातले अर्धे पुरुष होड्यांवर आणि अर्धे आखातात. पावसाळ्यात तारा तुटल्या की दिवसचे दिवस वीज नसायची. बर्फघरातला बर्फ वितळायचा आणि टोपल्याच्या टोपल्या मासळी खड्ड्यात टाकावी लागायची. डिझेलचा जनरेटर घ्यावा असं पंचायतीत चाललं होतं. तेव्हा तू म्हणालास, "धूर कशाला? सूर्य हाय ना." तुझ्या अर्बाबनं, त्या ओमानी मालकानं, त्याच्या खजुराच्या बागेतल्या पंपावर पॅनेलं बसवली होती, ती तू पाहून आला होतास. सीबच्या जुन्या बाजारातल्या तुझ्या जाळ्यांच्या दुकानात, दोरांच्या गुंडाळ्यांवर बसून तू मला ते समजावलंस. मी तेव्हा कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. मला तुझं पटलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून मी ती कल्पना माझी असल्यासारखा बोलायला लागलो.

इथून सुरुवात करतो, कारण चूक इथूनच आहे. सोलर झाल्यावर मस्कतात माझा सत्कार झाला, त्याच्या पत्रिकेवर "मूळ संकल्पना" या शब्दांपुढे माझं नाव होतं. ते तुझं हवं होतं.

सरकारी योजना होती, पण ग्रामसभेचा ठराव लागणार होता, तोही हात वर करून. आणि आपल्या गावाची मतं गावात ठरत नाहीत, मस्कतात ठरतात, अशी आपल्या सगळ्यांची ठाम समजूत होती. म्हणून प्रचार इथे. दर शुक्रवारी तुझी जुम्याची नमाज झाली की मी गाडी घेऊन मशिदीबाहेर उभा असायचो. माझ्या त्या गाडीचा एसी फक्त माझ्या बाजूनं चालायचा. तू रुमालानं मान पुसत म्हणायचास, "हिंदूच्या बाजूला थंडी, मुसलमानाच्या बाजूला जहन्नम. वा रे तुझी गाडी." आणि मग आपण गावच्या पोरांच्या एकेका रूमवर जायचो. सीबला दोन, वादी अदाईला बऱ्याच, शेवटी वादी कबीर.

वादी अदाईची ती एसी मेकॅनिकांची खोली आठवते? सहा पोरं, एक चूल, आणि दारापर्यंत आलेला भाताचा वास. बाळा कांदा चिरत होता. तू विचारलंस, "बाळा, ग्रामसभेत तुझ्या घरातून कोण बसणार?"

"बायको."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय दाऊदभाई? सांगायचं."

सगळी खोली हसली. मीही हसलो आणि बाळाचं घर मनात पक्कं धरून टाकलं. तू हसला नाहीस. गाडीत बसल्यावर म्हणालास, "सदू, आपण मतं मागतोय की नवरे गोळा करतोय?"

मला तुझं बोलणं तेव्हा थट्टेचं वाटलं. मी उत्तर दिलं की घरचा निर्णय शेवटी पैसे पाठवणारा घेतो. चाळीस वर्षं मी हेच पाहत आलो होतो, म्हणजे फोनच्या या टोकावरून पाहत आलो होतो. त्या टोकाला "हो" म्हणून फोन ठेवल्यावर काय होतं, ते मी कधीच पाहिलं नव्हतं. माझी बायको असेपर्यंत तीही मला "हो" म्हणायची आणि हवं ते करायची, हे मला तिच्यामागे कळलं.

आपलं खरं भांडण मात्र जागेवरून होतं. मी कंपनीच्या कॉम्प्युटरवर वरून घेतलेला गावाचा फोटो उघडला आणि त्यात मला पुळणीच्या वरचं मैदान दिसलं. सपाट, मोकळं, दिवसभर ऊन, एकही झाड नाही. मी त्यावर पॅनेलांचा एक सुरेख चौकोन काढला. दाऊद, तो चौकोन खरंच सुरेख होता. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या इमारती काढण्यात गेलं, आणि हा पहिलाच असा होता की जो माझ्या गावात उभा राहणार होता. मी तो प्रिंट काढून तुझ्या दुकानात घेऊन आलो. तू चष्मा लावून पाहिलास आणि बोट ठेवलंस.

"इथं तर म्हावरं सुकवतात."

"रिकामं आहे ते. फोटोत बघ."

"फोटो कुठल्या महिन्यात काढला?"

मला माहीत नव्हतं. तू शटर खाली ओढलंस आणि मला किनाऱ्यावर घेऊन गेलास. सीबच्या पुढे वाळूवर तारली पसरलेली होती, चांदीसारखी, लांबच लांब. वास असा की मी नाकाला रुमाल लावला. एक म्हातारा ओमानी फावड्यानं मासे उलटत होता. तू त्याला सलाम केलास, तो तुझं गिऱ्हाईक होता.

"ही जागा रिकामी हाय काय रे?" तू मला विचारलंस.

"नाही. मासे आहेत."

"आणि मासे उचलल्यावर?"

"मग रिकामी."

"खलास! तुझं इथंच चुकतं. मासे उचलल्यावर पण ही जागा ह्याची असते." तू त्या म्हाताऱ्याकडे हात केलास. त्याला वाटलं तू त्याची ओळख करून देतोयस. त्यानं मला मान लववून सलाम केला आणि मूठभर सुकी तारली घ्यायचा आग्रह केला.

परतताना तू ते वाक्य बोललास, जे मी नंतर सत्काराच्या भाषणात वापरलं, माझं म्हणून. "आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या सूर्यावर कारखाना चालवतायत आणि आपण त्यांना सौरऊर्जा शिकवायला निघालोय." हॉलमध्ये टाळ्या पडल्या होत्या. तूही टाळी वाजवलीस.

मी तेव्हा तुला काय उत्तर दिलं होतं तेही लिहितो. मी म्हणालो, बायकांना घराच्या छपरावर सुकवता येईल. तू म्हणालास, पत्र्यावर सोडे सुकत नाहीत, करपतात. त्यांना खालून वाळू लागते आणि वरून खाडीचा वारा. आणि मग म्हणालास, "छपरावर जायचंच असेल तर तुझी पॅनेलं जाऊ देत ना. ती काय करपणार हायत?"

उत्तर इतकं सरळ होतं की मला राग आला. छपरं म्हटली की शाळा, जमातीचा हॉल, देवळाचा सभामंडप, बर्फघर, प्रत्येकाची वेगळी कमिटी आणि वेगळी परवानगी. छपरं म्हटली की वेडेवाकडे कोन आणि चार तुकड्यांचा नकाशा. माझा एक चौकोन गेला असता. मी तुला तांत्रिक कारणं दिली. ती खोटी नव्हती. पण ती कारणं मी नंतर शोधली होती.

मग तू रजेवर गावी गेलास. ग्रामसभा तोंडावर होती. तू खारवीवाडीत आणि मोहल्ल्यात घरोघरी फिरत होतास, सोलर का हवं ते सांगत होतास. एका दुपारी मी ऑफिसात डबा खात असताना तुझा फोन आला.

"सदू, जागा बदल. अजून वेळ हाय. छपरांवर घाल. सगळ्या बायका हात वर करतील, मी जबाबदारी घेतो."

मी म्हणालो, "नकाशा वर गेलाय, दाऊद. आता मला बायकांचं सांगू नकोस. त्यांचे नवरे माझ्या खिशात आहेत."

तू म्हणालास, "बरं." आणि फोन बंद झाला.

या फोनबद्दल मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

ग्रामसभेला इतक्या बायका याआधी कधी आल्या नव्हत्या, असं सरपंचानं नंतर सांगितलं. मोहल्ल्यातल्या आणि खारवीवाडीतल्या एकत्र आल्या आणि एकत्र बसल्या. ठराव वाचला गेला. पुरुषांचे हात वर झाले, तेही थोडेच, कारण पुरुष होते कुठे? अर्धे होड्यांवर, अर्धे इथे, बायकांना सांगून निश्चिंत बसलेले. बायकांपैकी एकीनंही हात वर केला नाही. ठराव पडला.

तू परत आलास त्या शुक्रवारी सगळे माझ्या वादी कबीरच्या घरी जमले होते. काय चुकलं ते शोधायला. प्रकाश तापला होता. "दाऊदभाई, तुम्ही त्या आठवड्यात गावातच होता ना? घरोघर फिरलात, असं माझी आई सांगत होती. जागेचं बायकांना तुम्हीच सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं," तू म्हणालास.

"मग भडकणार नाहीत तर काय!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रचाराचा प्रमुख होतो, नकाशा माझा होता. आणि मी म्हणालो, "मी दाऊदला बजावलं होतं, की बायकांचं सांगू नकोस म्हणून."

बघ, एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. खोली मात्र समजली की बायकांना सांगू नकोस असं मी बजावलं आणि तू ऐकलं नाहीस, आणि खोलीनं तसंच समजावं असं मला हवं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता तू फोनचं सांगणार. तू उठलास, माझ्या सुनेच्या हातातली भाताची परात घेतलीस आणि म्हणालास, "यल्ला, जेवून घ्या. गार होतंय."

त्यानंतर पोरं तुला "बायकांचा वकील" म्हणायला लागली. आधी हसून, मग न हसता. सीबला गेलेला माणूस तुझ्या दुकानात चहा प्यायला थांबायचा, तो थांबेनासा झाला. प्रकाशनं सलाम सोडला. दर ईदला तुझ्याकडे गाडी भरून जाणारा पोरांचा जथ्था त्या वर्षी गेलाच नाही. मी एकटा आलो होतो, आठवतं? तू शीरखुर्म्याचं मोठं पातेलं दाखवलंस आणि म्हणालास, "एवढं तुलाच संपवायचं हाय आता." आपण दोघं हसलो. मी दोन वाट्या प्यायलो आणि काहीही न बोलता घरी गेलो. दाऊद, मला वाटतं माझी सगळ्यात मोठी चूक तो फोन नव्हता, ते परातीआधीचं वाक्यही नव्हतं. त्या दोन वाट्या होत्या.

पुढच्या वर्षी तूच आलास. दारात उभा राहून म्हणालास, "गाडी काढ. छपरं काढलीस का कागदावर?" मी काढली होती. तू यायच्या आधीच काढून ठेवली होती, फक्त कोणाला दाखवायची हिंमत नव्हती. चार छपरं, चार तुकडे, वेडेवाकडे कोन. कुरूप नकाशा. तू तो उलटासुलटा करून पाहिलास. "आता कसा गावासारखा दिसतोय."

दुसरा प्रचार तू तुझ्या पद्धतीनं केलास आणि मी ड्रायव्हर झालो. रूमवर गेलं की तुझं एकच काम. "फोन लाव घरी. आमच्यासमोर. सांगायचं नाय, विचारायचं." पोरं लाजायची, एकमेकांना कोपरानं ढोसायची. बाळानं लावला. पलीकडून बायकोचा आवाज आला, "आज काय मधेच? पैसे संपले?"

"नाही गं. ते सोलरचं. तुझं काय मत?"

पलीकडून, "कोण आहे तिकडं? तुम्हाला बरं वाटतंय ना?"

खोली फुटून हसली. पण मग तीच बाई पुढे बराच वेळ बोलत राहिली. शाळेच्या छपराला गळती आहे, आधी ती बुजवा. बर्फघराची किल्ली एकाच माणसाकडे नको. ठराव सकाळी ठेवू नका, तेव्हा मासळी येते. बाळा कांद्याची सुरी हातात धरून ऐकत होता. त्याला हे काहीच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आपण त्या वर्षी जे काही बदललं ते सगळं अशाच फोनांतून आलं.

ग्रामसभा संध्याकाळी झाली. हात इतके वर झाले की मोजायची गरज पडली नाही. आज चारही छपरांवर पॅनेलं आहेत. वादळ आलं तरी बर्फघर चालतं. पुळणीवर सोडे सुकतात. आणि मस्कतातल्या हॉलमध्ये शाल माझ्या खांद्यावर पडली. लोक म्हणाले, सदाभाऊंनी हार न मानता नवा आराखडा आणला, पहिल्या वेळी घरभेद होऊनही. घरभेद हा शब्द तू ऐकलास. तू तिसऱ्या रांगेत होतास आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होतास.

मी तुला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तुझ्या दुकानात सुरुवात केली. "दाऊद, त्या फोनचं..." तू जाळं मापत होतास. "माप चुकेल, गप बस." दुसऱ्यांदा किनाऱ्यावर चालताना. तू लगेच विषय काढलास की तुझ्या नातवाला मासे आवडत नाहीत, नगेट्स लागतात, असा मोहल्ल्याचा माणूस असतो काय. मला वाटायचं तू मला लाजवायचं टाळतोस. मी ते टाळणं सोयीनं स्वीकारलं. वर्षं गेली. आणि मग अमरातच्या कबरस्तानात मी तुझ्यावर मूठभर माती टाकली आणि बोलायचं राहून गेलं ते कायमचंच.

आता तो शुक्रवार.

हॉलमध्ये पडद्यावर गाव दिसत होतं. बर्फघराच्या ओट्यावर माणसं, पुढे बायका. वाऱ्यानं आवाज तुटत होता. सरपंच बोलला, मौलवीसाहेब बोलले. मग इकडून माझं नाव पुकारलं. नसीम या वेळी मागे बसली होती, दाराजवळ.

मी सगळं सांगितलं. संकल्पना कोणाची, फोटो, चौकोन, तारली, छपरं. फोन सांगितला, माझं ते खिशाचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं. परातीआधीचं वाक्य सांगितलं. मी म्हणालो, दाऊदनं कोणालाही भडकवलं नाही. त्यानं फक्त विचारलेल्याचं खरं उत्तर दिलं आणि मला शेवटपर्यंत वाचवायचा प्रयत्न केला. त्यानं ठराव पाडला नाही. तो माझ्या हट्टानं पडला, आणि दोष मी त्याच्या माथी मारला.

प्रकाश जमिनीकडे बघत होता. मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला थोडं शूरही वाटलं.

तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला. "अरे सदू, ऐकू येतंय का तिकडं?" शेवंताकाकी. खारवीवाडीतली, आपल्या दोघांपेक्षा मोठी, लहानपणी आपल्याला होडीतून हाकलणारी. कोणीतरी फोन तिच्या तोंडासमोर धरला. "हे तू आमाला कशाला सांगतंस? आमाला म्हायती हाय सगलं."

"काय माहीत आहे, काकी?"

"तो फोन. माझ्याच ओटीवर बसून लावला व्हता त्यानं. आमी धा-बारा बायका व्हतो. दाऊद म्हणला, सदू माझा दोस्त हाय, तुमच्यासमोर विचारतो, तो जागा बदलणार बघा. म्हणून स्पीकरवर टाकला."

हॉलमध्ये कोणाची तरी खुर्ची करकरली. मला बसावंसं वाटलं, पण मी उभा राहिलो.

"खिशात हायत म्हणं आमचे नवरे!" शेवंताकाकी म्हणाली, आणि तिकडे बायकांत हशा पिकला. जुना, मुरलेला हशा. म्हणजे हे वाक्य गावात इतकी वर्षं फिरत होतं. इकडे आम्हा मस्कतवाल्यांपर्यंत ते कधीच पोचलं नाही, कारण आम्ही कधी विचारलं नाही.

मागून नसीम पुढे आली. माझ्या शेजारी उभी राहिली आणि पडद्याकडे बघत, शब्द जुळवत म्हणाली, "आजी, मग अब्बा काय बोलले? फोन बंद झाल्यावर?"

"तू दाऊदची गं?" शेवंताकाकी फोनच्या इतकी जवळ आली की पडद्यावर नुसतं कपाळ दिसलं. "काय बोलनार? म्हणला, काकी, ह्या वक्ताला हात वर करू नका. एकीनंपण नाय. हे पडू दे. पडलं की सदू छपरांवर येईल, मी आणतो त्याला. सोलर तुमाला मिलेल आणि पुलण पण ऱ्हाईल. आमी विचारलं, आणि तुला कोण काय बोललं तर? तर म्हणला, बोलू दे की. खोटं थोडीच बोलतील."

दाऊद, मी तिथे तुला निर्दोष ठरवायला उभा राहिलो होतो. इतक्या वर्षांचं ओझं उतरवायला, सगळ्यांसमोर, व्यवस्थित. आणि कळलं की तुझ्यावरचा आरोप खरा होता. पहिला ठराव तूच पाडलास. विचार करून, घरोघर जाऊन, एकही हात वर होऊ न देता. आम्ही इकडे नवरे गोळा करत होतो तेव्हा तिकडे तू मतं मिळवत होतास. परात हातात घेतलीस तेव्हा तू अपमान गिळत नव्हतास. तुला भूक लागली होती.

मी नसीमकडे पाहिलं. म्हणालो, "तू विचारलं होतंस ना. हो. तुझ्या अब्बांनी अडवलं होतं."

"ओके," ती म्हणाली. डोळे पुसले, मान ताठ केली. "गुड."

प्रकाश उठून तिच्याजवळ आला. त्यानं तिला विचारलं, "घरी कशी जाणार? मी सोडतो." ती म्हणाली, "मी ड्राइव्ह करते, अंकल. तुम्हाला सोडू?" आणि तो खरोखरच तिच्या गाडीत बसून गेला. सीबपर्यंत, तिच्या घरी. त्याचं घर वादी कबीरला, हॉलच्या मागच्या गल्लीत आहे.

मी गावाला कळवलं आहे की बर्फघराच्या पाटीवर माझं नाव घालायचं चाललं होतं ते थांबवा. तुझं घाला, आणि खाली लिहा की पहिला ठराव यानं पाडला. सरपंच म्हणाला, सदाभाऊ, असं कुठे पाटीवर लिहितात का? मी म्हणालो, ग्रामसभेत ठेवा, बायका ठरवतील. ठराव येत्या सभेत आहे. मी यासाठी कोणाच्या रूमवर गेलो नाही, कोणाला फोन केला नाही. तू निवडून येशील याबद्दल मला अजिबात शंका नाही.

माझा अपराध राहिलाच आहे, तो तुझ्या हुशारीनं कमी होत नाही. तुला दोषी समजून मी गप्प बसलो असतो तर एक वेळ ठीक. मी तुला निर्दोष समजून गप्प बसलो. ते माझं मलाच घेऊन जायचं आहे आणि ते मी नेईन, फार न कण्हता.

पण तुझ्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे, आणि तू गेलास म्हणून मी ती सोडणार नाही. फोन स्पीकरवर आहे, हे तू मला सांगायला हवं होतंस.